राजीखुशीने

दर शनिवारी संध्याकाळी आमच्या पेणच्या घराच्या ओटीवर सतरंजी अंथरली जायची आणि तिच्यावर बसून दहा-बारा पुरुष बायकांच्या गुलामगिरीवर चर्चा करायचे. हे मी थट्टेने लिहीत नाही, ती माणसं मनापासून बोलायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेत मराठी शिकवायचे. आमच्या कुणबी घराण्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेले ते पहिलेच. हुंडा घेणाऱ्याच्या लग्नात जेवायचं नाही हा त्यांचा नियम होता, आणि सख्ख्या चुलतभावाच्या लग्नातही ते मांडवातून उपाशी उठून आले होते. मला सायकल शिकवली ती त्यांनीच, तीही भर बाजारातून, मागे सीट धरून धावत, लोक हसत असताना. या माणसावर रागावता येऊ नये अशी सगळी सोय त्यांनी करून ठेवली होती, आणि म्हणूनच बहुधा माझा राग इतकी वर्षं टिकला. ओटीवर चर्चेला रंग चढला की आत आईचा स्टोव्ह फरफरायला लागायचा. एक चहा माणसं जमताना, एक मुद्दा पेटल्यावर, एक निघताना, आणि मधे पोह्याचे पापड भाजून, त्यावर कांदा-कोथिंबीर घालून. बाई चूल आणि मूल यातून बाहेर आली पाहिजे, हे वाक्य आईने स्टोव्हला पिन मारता मारता किती वेळा ऐकलं असेल कोण जाणे. मी एकदा तिला विचारलं, तू का नाही जाऊन बसत? तर म्हणाली, मी बसले तर चहा कोण करील गो? तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला खरंच तो प्रश्न पडला होता.

अण्णांच्या पाठच्या बहिणीचं नाव अनसूया. आम्ही तिला अनूआत्या म्हणायचो. तिला दिली होती रोह्याच्या पलीकडे, अष्टमी गावात. शाळेला सुट्टी लागली की मी एसटीने वडखळ, नागोठणं करत तिच्याकडे जायची. रोह्याला उतरून कुंडलिकेचा पूल चालत ओलांडायचा आणि पलीकडच्या पहिल्या आळीत वळायचं. आत्याचे यजमान, दत्तामामा, धाटावच्या एका कंपनीत पाळीवर कामाला होते. घरात ते, आत्या, म्हातारी सासू आणि लग्नाचा दीर सुरेश. मूलबाळ नव्हतं. शेजारी झैनबखालाचं घर. खालाचा नवरा आखातात, दोन वर्षांतून एकदा यायचा. घराची डागडुजी, शेताचा खंड, मुलींच्या शाळा, सगळं खालाच बघायची. गवंड्याशी तिचं भांडण सुरू झालं की अख्खी आळी काम सोडून ऐकायची. अण्णा मात्र एकदा तिच्या डोक्यावरचा पदर बघून मला म्हणाले होते की या बायांना बिचाऱ्यांना काही स्वातंत्र्य नसतं. मी मान डोलावली होती. आता आठवलं की कानशिलं तापतात.

दत्तामामा गेले ते काविळीने, तेरा-चौदा दिवसांत. आत्या तेव्हा बत्तीस-तेहतीसची असेल. दिवसकार्य आटोपल्यावर अण्णा तिला घेऊन पेणला आले, थोडे दिवस राहू दे म्हणून. माहेरी आलेल्या विधवेचे थोडे दिवस म्हणजे किती, हे कुणी ठरवत नसतं. आत्या आली आणि दुसऱ्या दिवशीपासून आईच्या हाताखाली उभी राहिली. घरात दोन बायका असल्या की कामाला आवाज येतो. पाटा-वरवंट्याचा, तांदूळ पाखडण्याचा, आणि आमच्याकडे सगळ्यात जास्त वाल सोलण्याचा. अण्णांना बिरडं आठवड्यातून दोनदा लागायचं, आणि बिरडं खाणाऱ्याला कधी कळत नाही की त्यामागे किती बोटं सुरकुतलेली असतात. भिजवून, फडक्यात बांधून मोड आणलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक दाणा चिमटीत दाबून साल काढायची. किलोभर वालांना दोन बायकांची दुपार जाते. अशाच एका दुपारी मी आत्याचं खरं बोलणं ऐकलं. कंपनीचे साहेब घरी भेटायला आले तेव्हा सांगून गेले होते की दत्तारामच्या जागी घरातलं एक माणूस घेऊ. पहिला हक्क बायकोचा. तुम्ही दहावी पास आहात, तर स्टोअरला घेता येईल. कामगारांना हातमोजे, गमबूट, साबण द्यायचे आणि वहीत लिहायचं. फक्त दिवसपाळी. आत्याने हे आईला अगदी हळू सांगितलं, जसं एखादी नवी नवरी दिवस गेल्याचं सांगते.

"वयनी, मना जायाचंय कामाला," ती म्हणाली. "दुसरं मना काय पण नको."

आईने वाल सोलायचं थांबवलं नाही. ती म्हणाली, दादांच्या कानावर घाला. आत्या म्हणाली, घातलंय. मग काय म्हणाले, तर म्हणे, बघू.

या बघूचा अर्थ मला पौषात कळला. अण्णांच्या मंडळाने त्या वर्षी विधवांचं हळदीकुंकू करायचं ठरवलं होतं. पेणसारख्या गावात तेव्हा ही मोठीच गोष्ट होती. देवळाच्या ट्रस्टने सभामंडप नाकारला, तर अण्णांनी शाळेचा हॉल मिळवला. मुंबईहून एक भाषणं करणाऱ्या बाई येणार होत्या. पाच विधवा व्यासपीठावर बसणार आणि बाई त्यांना कुंकू लावणार. पहिली खुर्ची आत्याची. दुसऱ्यांच्या बहिणींना सांगण्याआधी आपल्या बहिणीपासून सुरुवात करायची, असं अण्णा छाती काढून सांगत होते, आणि खोटं कशाला बोला, मलाही त्यांचा अभिमान वाटत होता. आत्याला कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. तिला सांगितलं गेलं. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. नंतर आईला म्हणाली, कुंकवाचं मना काय वाटत नाय, लावलं काय नि नाय काय.

माझं अक्षर चांगलं होतं. अण्णांचे अर्ज, निवेदनं, भाषणं मीच सुवाच्य करायची आणि त्याचा मला तोरा होता. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी मला टेबलाशी बसवलं आणि येरझाऱ्या घालत भाषण सांगायला सुरुवात केली. त्यातलं एक वाक्य मी आजही न अडखळता म्हणून दाखवीन, कारण ते मला फार आवडलं होतं आणि मी ते जरा मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. स्त्रीच्या आयुष्याचा निर्णय स्त्रीनेच घेतला पाहिजे, तो तिच्या वतीने घेण्याचा अधिकार पित्याला नाही, भावाला नाही, पतीला नाही. भाषण संपलं. अण्णा म्हणाले, आता दुसरा कोरा कागद घे. आणि त्याच आवाजात, येरझाऱ्यांची लय न मोडता, त्यांनी सांगायला सुरुवात केली: मी खाली सही करणार, अनसूया, कै. दत्ताराम यांची पत्नी, लिहून देते की माझ्या दिवंगत पतीच्या जागी माझे दीर सुरेश यांना नोकरीस घेण्यास माझी कोणतीही हरकत नाही. हे मी राजीखुशीने, कुणाच्याही दबावाशिवाय लिहून देत आहे.

मी लिहिलं. राजीखुशीने या शब्दाशी पेन क्षणभर थांबलं, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल. मी विचारलं, "अण्णा, आत्याला विचारलंत?"

"तिला काय विचारायचं? तिचं भलं मना कळत नाय?" ते म्हणाले. भाषण संपलं होतं, घर सुरू झालं होतं.

त्यांची बाजू त्यांनी मला समजावूनही सांगितली, आणि ती ऐकायला इतकी सरळ होती की चौदा वर्षांच्या मुलीला तिच्यात खोट काढता येईना. सुरेशचं लग्न व्हायचंय, नोकरी नसेल तर मुलगी कोण देणार? कंपनीत सगळे गडी, घाणेरडे वास, उद्या काही बोललं गेलं तर? अनूला काय कमी आहे, तिला मी जन्मभर पोसायला समर्थ आहे. शेवटचं वाक्य म्हणताना त्यांचे डोळे भरून आले. खरेच भरून आले. माझा संताप आज जास्त होतो तो त्या डोळ्यांवर. जुलूम करणारा माणूस दात-ओठ खाऊन आला तर त्याला ओळखता तरी येतं. डबडबलेल्या डोळ्यांनी तो तुम्हाला पोसायला निघाला की तुम्ही करणार काय?

आत्याने कागद हातात घेऊन सावकाश वाचला. मग मला विचारलं, तू लिवलंस? मी हो म्हटलं. "अक्षर बरं हाय तुजं," ती म्हणाली आणि सही केली. भावाच्या ताटात जेवणाऱ्या बाईने दुसरं काय करायचं होतं? अण्णांनी कागदाची घडी करून जाकिटाच्या खिशात घातली. उद्या सुरेश कार्यक्रमाला येणारच होता, तेव्हा त्याच्या हातात द्यायची.

आता हे लिहीत असताना माझ्या फोनवर महिला दिनाच्या कार्यक्रमाचं आमंत्रण आलंय. फलकावर नऊ फोटो आहेत, त्यातले आठ पुरुषांचे. नववा आमच्या जवळच्या गावच्या सरपंचबाईंचा. गेल्या खेपेला त्यांचं भाषण त्यांच्या यजमानांनी केलं आणि त्या शेजारी बसून पदराशी चाळा करत होत्या. मला दर वर्षी बोलावतात, शाल देतात, मी दर वर्षी काहीतरी कडू बोलते, सगळे टाळ्या वाजवतात. पोरं म्हणतात, आजी, तुमचा काळ वेगळा होता. वेगळा होता म्हणजे काय? तेव्हा सतरंजी होती, आता खुर्च्या आहेत.

असो. कार्यक्रमाचा हॉल भरला होता. आत जागा नाही म्हणून बाहेर चिंचेच्या झाडाला कर्णा बांधला होता, त्यामुळे भाषणं बाजारापर्यंत ऐकू जात होती. पाच खुर्च्यांवर पाच जणी, पहिली आत्या, आईची मोतिया रंगाची साडी नेसलेली. पुढच्या रांगेत सुरेश, नव्या शर्टात. अण्णा फार सुंदर बोलले. ते मोठ्या अक्षरातलं वाक्य आलं तेव्हा टाळ्या पडल्या आणि मी मागे वळून पाहिलं, कोण कोण वाजवतंय ते. मग मुंबईच्या बाई कुंकवाचा करंडा घेऊन आत्यासमोर आल्या. आत्याने त्यांचा हात मनगटाशी धरला. झिडकारला नाही, नुसता धरून ठेवला, आणि मान वळवून अण्णांकडे पाहिलं.

"दादा, कुंकवाचं मंग बघू. पयला माजा कागद दे."

हॉलला काही कळलं नाही. बाईंना वाटलं, ती लाजतेय. अण्णा हसतमुखाने वाकले आणि हलक्या आवाजात तिला समजवायला लागले. फक्त हातातला माइक चालू आहे हे ते विसरले. मोठमोठ्या सभा गाजवलेला माणूस, पण घरातला आवाज लागला की त्यांना आपण व्यासपीठावर आहोत याचं भान राहायचं नाही. आणि तो घरातला आवाज हॉलमधून, कर्ण्यातून, चिंचेवरून बाजारात गेला.

"गप बस गो. लोकं बघतायत. तुला काय अक्कल हाय का?"

माझ्या शेजारी बसलेल्या आईने डोळे मिटून घेतले. आत्या उठली. तिने माइककडे पाहिलंही नाही, ती भावाशीच बोलत होती, पण तो बोलला त्याच माइकमधून तीही सगळ्यांना ऐकू आली. "नोकरी माज्या नवऱ्याच्या जागची हाय. ती मी करनार हाय. तू आताच म्हनलास ना, बाईचं बाईनं ठरवायचं. मंग मी ठरवलंय. दे कागद."

अण्णांनी खिशात हात घातला. लोकांसमोर दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं. आत्याने घडी घेतली, कमरेला खोचली आणि खाली जाऊन आईशेजारी बसली. उरलेल्या चौघींना बाईंनी कुंकू लावलं, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सुरेश कधी निघून गेला ते कळलंही नाही.

यानंतर पेणमध्ये जे बोललं गेलं ते मी विसरलेली नाही, माफ करण्याचा तर प्रश्नच नाही. सनातनी म्हणाले, बघा, देवाधर्माला सोडून करायला गेले आणि तोंडावर आपटले. अण्णांचे शनिवारचे मित्र म्हणाले, बाई अजून रूढीच्या पगड्याखाली आहे, कुंकू लावायला घाबरली. दोन्ही बाजूंना कुंकवाचंच पडलं होतं. कागद कसला होता, हे एकानेही विचारलं नाही. पुढच्या शनिवारी ओटीवर तीच सतरंजी पडली, आणि प्रबोधन किती अवघड आहे यावर चर्चा झाली. आत्या आठ दिवसांत अष्टमीला गेली. सासूने घरात घेतलं, पण चूल वेगळी मांडून दिली. झैनबखालाने आपल्या पडवीची एक खोली रिकामी केली आणि भाड्याचं नाव काढलं तर गवंड्यासारखी गत करीन असा दम दिला. नंतर आत्याने त्या स्टोअरमध्ये बावीस वर्षं काढली, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. कपाळाला तिने कधी टिकली लावली, कधी लावली नाही. मी त्याची नोंद ठेवली नाही. कुणीच ठेवायला नको होती.

पण त्याआधी एक झालं. कंपनीच्या ऑफिसातून तिला जो फॉर्म मिळाला, त्यावर शेवटी एक ओळ होती: कुटुंबप्रमुखाची संमती, आणि पुढे सहीसाठी जागा. सुरेशने सही करणं शक्य नव्हतं. सासू अंगठा द्यायला तयार नव्हती. आत्याने दोन दिवस तो फॉर्म उशाला ठेवला आणि रविवारी सकाळच्या एसटीने पेणला आली. जाकिटातून कागद काढून दिल्यापासून अण्णांनी तिचं नाव घेतलं नव्हतं. ते खुर्चीत पेपर वाचत बसले होते. तिने फॉर्म त्यांच्यापुढे स्टुलावर ठेवला आणि कुठे सही लागते ते बोटाने दाखवलं. अण्णा पेपरातून वर न बघता म्हणाले, "भर सभेत माझी अब्रू काढताना कोनाची संमती घेतली होती?"

आत्याचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पडलेला पाहिला. नवरा गेला तेव्हाही इतका पडला नव्हता. त्या एका ओळीसाठी आता सगळं अडलं होतं, मुदतीला चार दिवस होते आणि ज्याची सही लागत होती तो पेपरचं पान उलटत होता. मला वाटलं, अण्णा आणखी थोडं ताणतील आणि मग करतील. आजही वाटतं की केली असती. पण तिने रडावं, हात जोडावेत, दादा चुकले म्हणावं, एवढं त्यांना आधी हवं होतं. त्याखेरीज नाही.

आई आतून बाहेर आली. तिने स्टुलावरचा फॉर्म उचलला, माझ्या दप्तरातून पेन घेतलं आणि मला विचारलं, कुठे गो? मी ओळ दाखवली. तिने भिंतीला कागद टेकवून आपलं पूर्ण नाव लिहिलं. तिला लिहायला वेळ लागायचा, तिसरीपर्यंतच शिकलेली. नात्याच्या रकान्यात मला विचारून भावजय असं लिहिलं.

अण्णांनी पेपर खाली ठेवला. "तू कुठची कुटुंबप्रमुख?"

"मंग कोन?" आई म्हणाली. "तुमी तर नाय म्हनता. कुनीतरी व्हायला नको?"

लग्नाला सतरा वर्षं झाली होती, आणि तिने त्यांच्या प्रश्नाला प्रश्नाने उत्तर दिलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. आई आत गेली. त्या रविवारी बिरडं झालं नाही, डाळ-भात झाला, आणि अण्णांनी तो मुकाट्याने खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मी शाळा बुडवून आत्याबरोबर धाटावला गेले. वाटभर ती मला विचारत होती, बाईमाणसाची सही चालेल ना गो? परत पाठवला तर? नागोठण्यापासून निडीपर्यंत तिने तो फॉर्म तीनदा पिशवीतून काढून पाहिला. मीही घाबरले होते. आईची सही कुणी हसण्यावारी नेली तर काय बोलायचं, त्याची मी मनात तयारी करत होते. ऑफिसच्या खिडकीत एक मध्यमवयीन कारकून होता. त्याने फॉर्म घेतला, वरचं नाव वहीत उतरवलं, मागच्या पानावर धाडकन शिक्का मारला आणि पुढच्या सोमवारी साडेआठला या म्हणाला. आत्या तिथेच उभी राहिली. तिला खरं वाटेना. मला मात्र राहवलं नाही. मी खिडकीत वाकून म्हटलं, काका, खालची सही नाही बघितलीत.

"ती व्हय?" तो म्हणाला. "ती कोन बघतो? रिकामी ठेवली असती तरी चाललं असतं."